मधला आवाज

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील ‘माझा छंद’ या सत्रात केलेले भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटे दिली आहेत. वर्गात पाढे म्हणायला उभे केले की माझा आवाज घशातच राहायचा, हे समोर बसलेल्या सरांना आठवत असेल. त्यामुळे मी आज आवाजावर बोलणार म्हटल्यावर काही जण आत्ताच हसायला लागले आहेत. हसा, हक्क आहे तुमचा.

आपल्या दहावीच्या वर्षीचे स्नेहसंमेलन आठवा. लाउडस्पीकरवाला ऐनवेळी आलाच नाही. तेव्हा आमच्या आण्णांनी घरचे दोन स्पीकर आणि ॲम्प्लिफायर हातगाड्यावर घालून शाळेत आणले. मुलींचा भोंडला, आपली ती फसलेली एकांकिका, बाईंचे समारोपाचे भाषण, सगळे त्याच दोन खोक्यांतून ऐकू आले. आज मी त्या खोक्यांचीच गोष्ट सांगणार आहे.

आण्णा एस.टी.त मेकॅनिक होते. मुंबईला गेले की लॅमिंग्टन रोडला चक्कर ठरलेली. तिथून 1984 साली त्यांनी आठ इंची कागदी कोनचे दोन वूफर आणि कागदीच ट्विटर आणले आणि गावातल्या सुताराकडून सागवानी खोकी करून घेतली. त्या काळी कोलकात्याच्या सोनोडाइनचे किंवा फिलिप्सचे तयार स्पीकर घेणे आपल्याकडे फार थोड्यांना जमायचे. हौस असेल तर खोके आपणच करायचे. 1993 च्या 30 सप्टेंबरच्या पहाटे भूकंपात आमची भिंत पडली, तेव्हा एका खोक्याचा कोपरा फुटला. तो अजून तसाच आहे, पण आवाजाला काही झाले नाही.

पुढे मी आयटीआय केले, दुकान टाकले आणि काही वर्षांपूर्वी घरी होम थिएटर जोडले. आण्णांची जोडी टीव्हीच्या दोन बाजूंना ठेवली. मागचे दोन छोटे स्पीकर आणि सबवूफर नवे आणले. मध्यभागी ठेवायला एका मोठ्या कंपनीचा नवा कोरा सेंटर स्पीकर घेतला, चौदा हजारांचा. दिसायला झकास.

पहिल्याच रात्री आण्णा म्हणाले, “आरं, ह्यो माणूस चालता चालता दुसराच होतोय की!”

मी हसण्यावारी नेले, पण त्यांचे बरोबर होते. पडद्यावरचा माणूस डावीकडून बोलत मध्यावर आला की त्याचा आवाजच बदलायचा. बाजूला असताना घरातला वाटायचा, मध्ये आला की पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखा. पंधरा दिवसांनी आण्णांनी टीव्ही बघणेच सोडले. “बोलत्यात काय ते कळंना,” म्हणाले. आम्हाला वाटले, वय झाले, कान गेले. सोलापूरला नेऊन कान तपासले. वयाच्या मानाने ठीक आहेत, असे डॉक्टर म्हणाले. मग मी माझ्या धंद्याची अक्कल घरात वापरायची ठरवली.

मध्ये स्पीकर कशाला लागतो, हे आधी सांगतो. दोन स्पीकरमधून अगदी सारखा आवाज एकाच वेळी आला तर कान फसतो. तो आवाज मधल्या रिकाम्या जागेतून येतोय, असे वाटते. पण ऐकणारा बरोबर मध्यावर बसलेला हवा. तो डावीकडे सरकला की डावीकडचा आवाज आधी पोचतो आणि बोलणारा माणूसही डावीकडे सरकतो. म्हणून 1933 साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेने फिलाडेल्फियातला वाद्यवृंद तारेवरून वॉशिंग्टनला ऐकवला, तेव्हा दोन नाही, तीन वाटा घेतल्या: डावी, मधली आणि उजवी. मोठ्या थिएटरातही पडद्यामागे तीन स्पीकर असतात, आणि ते तिन्ही एकाच जातीचे असतात. येरमाळ्याच्या यात्रेत तंबूतला सिनेमा आपण पाहिला, तिथे पडद्यामागे एकच भोंगा असायचा. पण संवाद कळले नाहीत, अशी कोणाची तक्रार नव्हती.

सिनेमातले बहुतेक सगळे बोलणे या मधल्या स्पीकरमधून येते. मालिका दोनच चॅनेलची असली तरी रिसीव्हर दोन्हींत सारखा असलेला आवाज वेगळा काढून मध्ये पाठवू शकतो. म्हणजे घरात सगळ्यात जास्त काम याच स्पीकरला, आणि आपण तोच सगळ्यात शेवटी, उरलेल्या पैशांत घेतो.

आता माझ्या चुका. पहिली चूक: जुने स्पीकर कागदी, नवा धातूच्या ट्विटरचा. दोन्ही आपापल्या जागी चांगले, पण दोघांचा गळा वेगळा. मी आवाज कमी-जास्त करून जुळवू पाहत होतो. कमी-जास्त केल्याने जोर जुळतो, गळा जुळत नाही. रिसीव्हरसोबत आलेला माइक लावून आपोआप जुळवणी केली, फरक थोडा कमी झाला, गेला नाही.

दुसरी चूक: तो आडवा स्पीकर मी टीव्हीखालच्या कपाटात, गुडघ्याच्या उंचीवर कोंबला होता. आडव्या खोक्यात दोन वूफर शेजारी-शेजारी असतात. समोर बसणाऱ्याला ते छान ऐकू येतात. पण बाजूला बसणाऱ्याकडे दोघांचा आवाज पुढे-मागे पोचतो आणि बोलण्यातला काही भाग एकमेकांना मारून टाकतो. आणि आमच्या आण्णांची खाट कुठे? दाराजवळ, अगदी डाव्या बाजूला.

वय झाले की कानातून आधी बारीक, उंच आवाज जातात. अ, आ, ओ ऐकू येतात. स, श, फ हरवतात. मग ‘साठ’ म्हटले काय नि ‘आठ’ म्हटले काय, सारखेच. त्यात स्पीकरनेही तेच खाल्ले तर माणसाने करायचे काय? आण्णांचे कान थोडे कमी झाले होते, उरलेले मी कमी केले होते.

पहिला उपाय फुकटचा होता. सेंटर स्पीकर काढून टाकला आणि रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये ‘सेंटर नाही’ असे सांगितले. मग मधले बोलणे दोन्ही जुन्या स्पीकरमध्ये वाटले जाते. गळा एक झाला. मध्यावर बसणाऱ्या आम्हा नवरा-बायकोला फारच छान वाटले. तुमच्याकडे जुनी चांगली जोडी असेल आणि घरात दोघे-तिघेच बघणारे असतील, तर माझा सल्ला हाच: विजोड सेंटर घेण्यापेक्षा सेंटर नसलेला बरा.

पण आण्णांची खाट काही मध्यावर येणार नव्हती. तेव्हा त्याच जातीचा तिसरा स्पीकर शोधायचा, एवढेच उरले. पुण्याची तपकीर गल्ली पालथी घातली. शेवटी सोलापुरात एका जुन्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानाच्या माळ्यावर तेच वूफर आणि तेच ट्विटर सापडले. एक जोडी घेतली. एक लावायला, एक जपून ठेवायला.

खोके त्याच मापाचे केले, उभेच ठेवले. टीव्ही भिंतीवर वर सरकवला, खोके त्याच्याखाली थोडे मागे कलवून ठेवले, म्हणजे तोंड कानाकडे. पूर्वीच्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीजवळ असा स्पीकर ठेवला की लोहचुंबकाने रंग बिघडायचे. आता सपाट टीव्हीला ती भीती नाही.

कोणाला करायचे असेल तर चार गोष्टी सांगतो. जुन्या स्पीकरची कड हाताने तपासा. कापडी असेल तर टिकते, फोमची असेल तर बोट लावताच भुगा होतो, ती बदलावी लागते. आतले जुने कपॅसिटर सुकतात. बदलायचे तर तिन्ही खोक्यांतले एकाच मापाचे बदला, नाहीतर पुन्हा गळा वेगळा. मागे 4 ओहम लिहिले असेल तर रिसीव्हर तेवढा भार पेलतो का, ते पाहा. आणि दीड व्होल्टचा सेल वूफरला क्षणभर लावून बघा. सेलच्या प्लसला स्पीकरचा प्लस जोडला की कोन बाहेर यायला हवा. एक जरी उलटा जोडला तरी सगळी मेहनत वाया.

शेवटी रिसीव्हरचा ‘शूऽऽ’ असा चाचणीचा आवाज तिन्ही स्पीकरमधून आळीपाळीने सोडायचा आणि पातळी जुळवायची. हे मी सोफ्यावर बसून नाही, आण्णांच्या खाटेवर बसून केले. घरात ज्याला सगळ्यात कमी ऐकू येते, त्याच्या जागेवरून जुळवणी करायची. इतक्या वर्षांच्या धंद्यात मला उशिरा कळलेली गोष्ट हीच.

त्या रात्री आण्णांनी मालिकेचा पूर्ण भाग पाहिला. मी विचारले, “आता कळतंय का?” म्हणाले, “कळतंय रं सगळं. पर ती बाई बोलती काय, ते काय कामाचं न्हाई.” मला बक्षीस मिळाले.

गुरुजनांना एक विनंती. मघाशी चहाच्या वेळी तुमच्यापैकी दोघे-तिघे म्हणाले, हल्ली टीव्हीतले बोलणे कळत नाही, म्हणून बघणे सोडले. सर, बाई, कान जरूर तपासून घ्या, पण सगळा दोष कानांवर घेऊ नका. मला निरोप द्या. पेचकस, सेल आणि एक जुना वूफर घेऊन मी येईन. तुम्ही आम्हाला मागच्या बाकापर्यंत ऐकू येईल असे शिकवलेत. तुमच्या खाटेपर्यंत आवाज पोचवणे, एवढे तरी आम्हाला जमले पाहिजे.