इन्सुलेशनखालचा गंज आणि आपली जबाबदारी





अल्ट्रासोनिक गाइडेड वेव्हवरची ही परिषद मुंबईत भरते आहे, हे उचितच आहे. इथल्या माहुलला १९५०च्या दशकापासून तेलशुद्धीकरण चालते. समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांच्याशी इथल्या पाइपलाइनची कायमची गाठ आहे. इन्सुलेशनवरच्या पत्र्याच्या सांध्यांतून पाणी शिरते, खालचा पाइप गंजत राहतो आणि बाहेरून पत्ता लागत नाही. जाडी मोजणारा नेहमीचा प्रोब स्वतःखालची जागाच तेवढी तपासतो. सगळी लाइन तपासायची तर परांची बांधा, इन्सुलेशन उतरवा, पुन्हा चढवा.

गाइडेड वेव्हसाठी मात्र एकाच ठिकाणी पाइपभोवती ट्रान्सड्यूसरचे कडे बसवले की पुरते. साधारण २० ते १०० किलोहर्ट्झच्या लहरी पाइपच्या भिंतीतून दोन्ही दिशांना कित्येक मीटर धावतात आणि जिथे धातू कमी झाला आहे तिथून प्रतिध्वनी घेऊन परततात. पातळ पत्र्यातल्या अशा लहरींचे गणित होरेस लँब यांनी १९१७ साली मांडले. कारखान्यांतल्या पाइपांच्या तपासणीसाठी गाइडेड वेव्ह कामाला लागल्या त्या १९९०च्या दशकात, लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील पीटर कॉली आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या परिश्रमांमुळे.

मित्रहो, या पद्धतीची मर्यादाही आपण तितक्याच ठामपणे सांगितली पाहिजे. सगळीकडून सारखी झिजलेली भिंत ठळक प्रतिध्वनी देत नाही. लहान पण खोल खड्डा निसटू शकतो. डांबरी वेष्टन असलेल्या, जमिनीत पुरलेल्या पाइपवर लहरींचा पल्ला फार आखडतो. या लहरी फक्त शंकेची जागा दाखवतात. उरलेली जाडी तिथे जाऊनच मोजावी लागते. म्हणून ‘दोष आढळला नाही’ असे लिहिताना कुठपर्यंत तपासता आले, हेही त्याच अहवालात यायला हवे. त्या अहवालाच्या भरवशावर कामगार पाळीला जातात.

माझी आपणांस कळकळीची विनंती आहे. सापडलेले दोष आपण मांडालच. निसटलेले दोषही इथे मोकळेपणाने मांडा. आणि ज्यांचे हात रोज त्या पाइपवर असतात, त्या तंत्रज्ञांना प्रत्येक चर्चेत आधी बोलू द्या.