मानद कॉन्सल : बिनपगारी, पण बिनकामाचा नव्हे



मुंब्रा-कौसा, भिवंडी, कल्याण या भागात ज्यांचे कोणी आखातात किंवा जहाजावर आहे अशी घरे थोडी नाहीत. आखातात आपल्या पगारी वकिलाती आहेत. पण जहाज दूरच्या बंदराला लागते तेव्हा तिथे कित्येकदा मानद कॉन्सलच असतो. हारतुरे घेणारा मोठा माणूस, एवढीच आपली त्याच्याविषयी समजूत!

बहुधा त्याच शहरातला पत असलेला व्यापारी किंवा वकील या कामासाठी निवडतात. परीक्षा नाही, पगार नाही. स्वतःचा धंदा चालूच. तो यजमान देशाचा नागरिक असेल तर त्या देशाची स्पष्ट संमती लागते. नेमणूकपत्र नेमणारा देश देतो, मान्यतापत्र यजमान देश. आणि ते नाकारल्यास कारण सांगण्याचे बंधन नाही. हे सारे १९६३ च्या व्हिएन्ना करारात आहे. भारत त्यात १९७७ साली सामील झाला.

मुलांनी त्यातले ३६ वे कलम तेवढे पाठ करावे. परदेशात अटक झाल्यास ‘माझ्या कॉन्सलला कळवा’ असे सांगण्याचा हक्क आहे, आणि तो हक्क पोलिसांनीच सांगायला हवा. कुलभूषण जाधव प्रकरणात पाकिस्तानने हे कलम मोडले, असा निकाल आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १७ जुलै २०१९ रोजी दिला. कॉन्सल मानद असला तरी हे कलम लागू आहे. तो तुरुंगातून सोडवू शकत नाही. भेटू शकतो, वकील मिळवून देऊ शकतो.

मुलगा निघण्यापूर्वी तिथल्या कॉन्सलचा पत्ता त्याच्या पाकिटात ठेवा, एक नक्कल घरी.