दारूगोळा वाहणाऱ्या स्त्रिया

कॉम्रेड्स, वाराणसीत तांबे घराण्यात जन्मलेली मनकर्णिका पुढे झाशीची राणी झाली. घोड्यावरील तिचा पुतळा सर्वपरिचित आहे. परंतु १८५८ च्या वेढ्यात ढासळत्या तटाची डागडुजी करणाऱ्या, तोफांपर्यंत दारूगोळा वाहणाऱ्या झाशीच्या सामान्य स्त्रिया? त्यांच्या श्रमाची साक्ष शत्रूच्या, ह्यू रोजच्या, फौजेने दिली. नावे तिनेही नोंदवली नाहीत. सरंजामी इतिहासलेखनाला तर त्यांची गरजच नव्हती. १९४३ साली सिंगापुरात आझाद हिंद सेनेने राणीच्याच नावाने स्त्रियांची पलटण उभारली. तिच्यात मोठा भरणा होता मलायातील रबरमळ्यांवरील तमिळ मजूर कुटुंबांतील मुलींचा. नेतृत्व डॉक्टर लक्ष्मी स्वामिनाथन यांचे. १९७१ साली त्यांनी बांगलादेशी निर्वासितांवर उपचार केले. त्याच सुमारास त्या मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षात आल्या.