मीटर ब्रिज ते अँटेना
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



‘निवृत्तीनंतर काय करतोस’ यावर पाच मिनिटं बोल, असं संयोजकांनी सांगितलंय. मी हॅम रेडिओ करतो. परीक्षा देऊन परवाना काढलाय आणि गच्चीतल्या टाकीपासून नारळापर्यंत एक तार ताणलीय. तीच माझी अँटेना. घरात तिला कपडे वाळत घालायची दोरी म्हणतात.

या तारेचा इम्पीडन्स थेट मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही. रेडिओला समोर ५० ओहम हवेत. तार तेवढी नसते, म्हणून मध्ये ट्यूनर लागतो. त्यात एक कॉइल आणि जुन्या रेडिओत असायचा तसा गँग कंडेन्सर. परत येणारी पॉवर शून्य होईपर्यंत दोन्ही बटणं फिरवायची.

हे करताना मला बारावीचा मीटर ब्रिज आठवला. काटा शून्यावर आला की माहीत असलेल्या आकड्यांवरून माहीत नसलेला काढायचा. इथेही तेच. ५० ओहमपासून निघायचं, त्यात कॉइल मिळवायची, मग कंडेन्सर समांतर जोडायचा आणि शेवटी रिअ‍ॅक्टन्सचं चिन्ह उलटं करायचं. येईल ते तारेचं. म्हणजे तार आणि अर्थिंग मिळून.

बटणांवरचे आकडे नुसत्या खुणा असतात. म्हणून मित्राचा मीटर आणून प्रत्येक खुणेची किंमत मोजली, हिशेब केला. पडताळा घ्यायला तार काढली, आलेल्या उत्तराएवढे रेझिस्टर आणि छोटी कॉइल तिच्या जागी लावली, पॉवर अगदी कमी ठेवली. एसडब्ल्यूआर एक यायला हवा होता. आला दीड.

हात आपोआप बटणाकडे गेला. जरासं फिरवलं असतं तर झाला असता एक.

सर, आज सांगतो. तेव्हा मीटर ब्रिजचं उत्तर मला आधीच कळलं होतं. त्यावरून तारेच्या लांब्या काढून मी वहीत लिहिल्या. पाचही रीडिंगांचं उत्तर दुसऱ्या दशांशापर्यंत सारखं. तुम्ही वही बराच वेळ पाहिलीत, माझ्याकडे पाहिलंत आणि सही केलीत. बोलला असतात तर बरं झालं असतं.

मी हात मागे घेतला. चूक सापडायला दोन संध्याकाळी गेल्या. मीटरच्या लांब वायरींचे चाळीसेक पिकोफॅरड मी कंडेन्सरच्या खात्यात धरले होते. ते वजा केल्यावर ७.१ मेगाहर्ट्झवर कॉइल २.२४ मायक्रोहेन्री, कंडेन्सर १७९ पिकोफॅरड, आणि उत्तर जवळजवळ निव्वळ २५० ओहम. २२० आणि २७ ओहमचे कार्बन रेझिस्टर सिरीजमध्ये लावले. काटा एकवर बसला.

पावसात नारळाच्या झावळ्या ओल्या झाल्या की हा आकडा बदलतो. तेही लिहून ठेवतो. वही सोबत आणलीय सर, चहाच्या वेळी दाखवतो. पाच दिवसांची पाच रीडिंगं आहेत, पाचही वेगळी.