पाण्याचा थेंब आणि फिल्मवरचा डाग



व्याख्यानमालेत मोठमोठे विषय होत असतात. आम्ही मात्र आपणांपुढे पाण्याचा एक थेंब घेऊन आलो आहोत. खिशातल्या फोनने क्षणात चित्र निघत असतानाही फिल्मचा रोल घरी धुणारे हौशी लोक अजून आहेत. बारामती-इंदापूरकडे अशा मंडळींना जी अडचण हटकून येते, तिच्याविषयी हे चार शब्द.

1980 साली उजनीचे धरण पुरे झाले. इंदापूर तालुक्यातील जुने पळसदेव त्याच्या पाण्याखाली गेले. तिथले पळसनाथाचे देऊळ पाणी फार उतरले म्हणजेच मोकळे होते. अशाच एका उन्हाळ्यात आम्ही तिथे गेलो होतो. जुन्या गावातून उठून गेलेल्या एक वृद्ध बाई देवळाकडे पाहत उभ्या होत्या. "दादा, देवळाचा एक फोटू मला द्या. पुन्हा दिसंल का न्हाई कुणास ठाऊक," असे त्या म्हणाल्या. आम्ही शब्द दिला. घरी येऊन रोल धुतला, विहिरीच्या पाण्यात खळबळून काढला आणि पंख्याखाली दोरीला अडकवला. सकाळी पाहतो तो देवळामागच्या आकाशावर वर्तुळेच वर्तुळे! डाग सगळीकडेच पडतात; पण आकाश आणि पाणी यांसारख्या सपाट भागावर ते लपत नाहीत.

असे का व्हावे? आपल्या घरातील बंबाच्या आत जो पांढरा थर धरतो, तोच याचा अपराधी. आपल्या विहिरींच्या पाण्यात चुन्याचे आणि इतर क्षार विरघळलेले असतात. नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर मान आणि ताम्हाणे यांनी 1910 सालीच पुस्तिका लिहिली होती. तेव्हा हा प्रश्न जुना आहे. थेंबातील पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. त्यातही थेंबाच्या कडेने पाणी लवकर उडते, म्हणून आतले पाणी कडेकडे वाहते आणि क्षार तिथे नेऊन ठेवते. सांडलेल्या कॉफीच्या डागाची कड गडद का असते, याचे हे कारण शिकागोच्या संशोधकांनी 1997 साली दाखवून दिले. आमच्या आकाशातील वर्तुळे त्याच जातीची.

मग उपाय दोन. पाण्यात क्षार नसावेत, आणि फिल्मवर थेंब राहू नये. तुरटी फिरवली की पाणी स्वच्छ दिसते, पण क्षार जात नाहीत. पाणी उकळल्याने काही चुना खाली बसतो, सगळा नाही. म्हणून रोल नेहमीच्या पाण्याने भरपूर धुवावा, पण शेवटची बुडी मात्र डिस्टिल्ड वॉटरची द्यावी. बॅटरीत घालण्यासाठी ते दुकानात मिळते. तिथेच बॅटरीचे ॲसिडही असते, तेव्हा लेबल वाचून घ्यावे.

या पाण्यात 'फोटो-फ्लो'सारखे द्रावण घालावे. त्याने पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, थेंब गोळा होत नाही, पाणी पातळ पडद्यासारखे ओघळून जाते. प्रमाण दोनशेला एक. 600 मिलिलिटर पाण्याला 3 मिलिलिटर पुरते. "थोडे जास्त घातले तर अधिक चांगले" हा आपला स्वयंपाकघरातील न्याय इथे चालत नाही. जास्त झाले की त्याचाच चिकट डाग राहतो. अर्धा मिनिट बुडवून, फेस न करता, रोल उभा टांगावा. खालच्या टोकाला चिमटा लावून वजन द्यावे. फडक्याने पुसू नये. ओले जिलेटिन फार नाजूक असते, धुळीचा एक कण लांबलचक ओरखडा काढतो.

पंखा नको. चैत्र-वैशाखात आपल्याकडे वारा कोरडा आणि धुळीचा. न्हाणीघरात आधी कढत पाण्याची बादली ओतून वाफ धरू द्यावी, म्हणजे धूळ खाली बसते. मग दार लावून रोल तिथे वाळू द्यावा. घाई करू नये.

डाग पडलाच तर? फिल्मच्या दोन बाजू असतात. चकचकीत बाजूवर बसलेला क्षार वरवरचा असतो. साधे पांढरे व्हिनेगर तितक्याच पाण्यात मिसळून त्यात फिल्म थोडा वेळ ठेवावी, पुन्हा धुवावी आणि वर सांगितल्याप्रमाणे वाळवावी. तो बहुधा जातो. मंद बाजूचे मात्र वेगळे. तिथे थेंबाखालचे जिलेटिन फुगलेले राहते, भोवतालचे वाळून आक्रसते, आणि त्या ताणाने चित्राची घडणच बिघडते. तो डाग सहसा जात नाही.

आमच्या देवळाच्या चार निगेटिव्हपैकी तीन अशाच गेल्या. चौथीवरचे डाग सुदैवाने चकचकीत बाजूला होते; ते निघाले. तिचा फोटो आम्ही त्या बाईंना नेऊन दिला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि शिखराशेजारी बोट ठेवून म्हणाल्या, "हितं आमचं घर होतं." तिथे फोटोत नुसते पाणी होते. त्या बोटाखाली एक पांढरे वर्तुळ असते, तर आम्ही काय उत्तर देणार होतो?

पुढच्या उन्हाळ्यात पाणी तेवढे उतरलेच नाही. म्हणून म्हणतो, शेवटची बुडी चांगल्या पाण्याची द्या.