पिशवीतलं हस्तलिखित

(मंडळाच्या साहित्य कट्ट्यावर दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)



संयोजकांनी मला विषय दिला आहे ‘संमेलन आणि नवा लेखक’. संमेलन आपल्याला नवं नाही. आपल्या इंदुरात १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीन अखिल भारतीय संमेलनं झाली. २००१ साली विजया राजाध्यक्ष अध्यक्ष होत्या, ते तर इथल्या पुष्कळांना आठवत असेल. मांडवात बसून भाषणं ऐकायची, परिसंवादात डुलकी काढायची, चार पुस्तकं घेऊन घरी यायचं, हे आपण सगळ्यांनी केलेलं आहे. मी मात्र आज वेगळ्या माणसाबद्दल बोलणार आहे. जो पिशवीत स्वतःचं हस्तलिखित घेऊन संमेलनाला जातो, त्याच्याबद्दल. तशी मी एकदा गेले आणि फजिती करून घेऊन आले.

फेब्रुवारी २०१८ मध्ये एक्क्याण्णवावं संमेलन बडोद्याला भरलं. मी रात्रीच्या गाडीने निघाले. पिशवीत माझी पहिली कादंबरी होती, चारशे वीस पानांची. आकड्याला हसू नका. ग्रंथदालनात एका प्रकाशकांच्या स्टॉलवर धीर करून उभी राहिले. ते गृहस्थ सौजन्याने म्हणाले, “बसा ताई. कशाबद्दल आहे कादंबरी?”

मी सुरुवात केली ती पणजोबांपासून. होळकरांच्या चाकरीत ते साताऱ्याहून माळव्यात कसे आले, मग आजोबा, मग वाडा, मग वाड्याच्या वाटण्या. दहा मिनिटांनी मी आजोबांच्या मुंजीपर्यंत पोचले होते आणि ते गृहस्थ माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत एका गिऱ्हाइकाला सुटे पैसे देत होते. “चार पिढ्यांची कहाणी आहे,” मी घाईने म्हणाले. “छान. पाठवून ठेवा,” ते म्हणाले. कुठे पाठवायची, कोणाच्या नावाने, हे विचारायचंही मला सुचलं नाही.

परतीच्या गाडीत समोरच्या बर्थवर एक बाई होत्या, रतलामला उतरणाऱ्या. पिशवीतल्या बाडाकडे बघून त्यांनी विचारलं, “कोई किताब लिखी है? किस बारे में?” मी थकले होते. पणजोबांना साताऱ्याहून आणायची ताकद उरली नव्हती. मी एवढंच म्हणाले, “एक आदमी है, उसकी मिल बंद हो गई है। फिर भी वो रोज सुबह टिफिन लेकर घर से निकलता है। और उसकी बीवी को सब पता है, फिर भी वो रोज टिफिन भरती है।”

त्या बाईंनी मोबाईल बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, “फिर?”

अमेरिकेतल्या भाचीला मी हे फोनवर सांगितलं. ती इंग्रजीत लिहिते. ती म्हणाली, “मावशी, गाडीत जे केलंस ना, त्याला आमच्याकडे पिच म्हणतात. तेच शिकायला आम्ही पैसे भरून जातो.”

तिकडच्या लेखक-परिषदा आपल्या संमेलनासारख्या नसतात. ग्रंथदिंडी नाही, अध्यक्षीय भाषण नाही, ठराव नाहीत. कार्यशाळा असतात, आणि पुष्कळ ठिकाणी वेगळी फी भरून लिटररी एजंटसमोर पाच-दहा मिनिटं बसायला मिळतं. एजंट म्हणजे लेखकाचा मध्यस्थ. तो हस्तलिखित वाचतो, योग्य प्रकाशकापर्यंत नेतो, कराराची घासाघीस करतो, अनुवादाचे आणि चित्रपटाचे हक्क विकतो. लेखकाला जे मिळेल त्यातले साधारण पंधरा टक्के त्याचे. खरा एजंट वाचण्यासाठी आधी पैसे मागत नाही. पुस्तक विकलं गेलं तरच त्याची कमाई. अरुंधती रॉय यांचं ‘द गॉड ऑफ स्मॉल थिंग्ज’ हस्तलिखितात वाचून डेव्हिड गॉडविन हे एजंट लंडनहून विमानाने थेट दिल्लीला आले होते. पुढे १९९७ मध्ये त्या पुस्तकाला बुकर मिळालं.

हा व्यवसाय एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनमध्ये ए. पी. वॉट यांनी रुजवला. जवळपास त्याच काळात, १८७८ मध्ये, लोकहितवादी आणि न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात ग्रंथकारांचं पहिलं संमेलन बोलावलं. त्यांच्याकडे मध्यस्थ आला, आपल्याकडे संमेलन आलं. मराठीत एजंट का रुजला नाही? साधा हिशेब करा. तीनशे रुपयांचं पुस्तक, हजारांची आवृत्ती, दहा टक्के मानधन, म्हणजे सगळी आवृत्ती खपली तर लेखकाला तीस हजार. त्यातले पंधरा टक्के म्हणजे साडेचार हजार. एवढ्यावर कोणाचं घर चालेल? म्हणून एजंटची कामं आपली आपणच करायची. ती तीन आहेत.

पहिलं काम, आपलं पुस्तक दोन वाक्यांत सांगता येणं. यात चटपटीतपणाचा काही संबंध नाही, हे मला उशिरा कळलं. मला ते जमत नव्हतं, कारण मी काहीतरी लपवत होते. तो डबा घेऊन निघणारा माणूस म्हणजे माझे वडील. गिरणी बंद पडल्यावर आठ महिने ते रोज नेहरू पार्कात जाऊन बसत आणि दुपारी तिथेच डबा खात. आईला दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं. तिने एक अक्षर विचारलं नाही, पोळ्याही कमी केल्या नाहीत. ही गोष्ट चारचौघांत सांगायची लाज वाटत होती, म्हणून मी तिच्यापुढे तीन पिढ्यांचा पडदा लावला होता. आज या सभागृहात, जिथे वडिलांना ओळखणारी माणसं बसली आहेत, मी ती पहिल्यांदा सांगते आहे.

दुसरं काम, योग्य दार शोधणं. संमेलनात पहिल्या दिवशी हस्तलिखित बाहेर काढूच नका. स्टॉल हिंडा. कोण कादंबऱ्या काढतो, कोण फक्त स्पर्धा परीक्षांची पुस्तकं, ते बघा. आपल्या जातकुळीची दोन पुस्तकं विकत घेऊन वाचा. स्टॉलवर बसलेला माणूस बरेचदा विक्री सांभाळणारा असतो. त्याला संपादकांचं नाव विचारा. हातात द्यायचं ते एकच पान: दोन वाक्यं, शब्दसंख्या, आपला परिचय, फोन नंबर. बाड घरूनच पाठवा, तेही त्यांनी मागितल्यावर.

तिसरं काम करारमदाराचं. व्यासांनी महाभारत सांगायला घेतलं, तेव्हा गणपतीने अट घातली की माझी लेखणी थांबता कामा नये. व्यासांनी उलट अट घातली, समजल्याशिवाय लिहायचं नाही. आपण एवढंच बदलू: समजल्याशिवाय सही करायची नाही. मानधन छापील किमतीवर की वसुलीवर? आवृत्ती किती प्रतींची? अनुवाद, ऑडिओ, चित्रपट यांचे हक्क कोणाकडे? पुस्तक बाजारात मिळेनासं झालं तर हक्क परत केव्हा मिळणार? हे विचारण्यात उद्धटपणा नाही.

आणि पैशांचं. २००९ साली मी पस्तीस हजार भरून कवितासंग्रह काढला. तीनशे प्रती आल्या. काही लग्नामुंजीत आहेर म्हणून गेल्या, बाकीच्या आजही दिवाणाखाली आहेत. स्वतःच्या हौसेने पुस्तक छापून घेणं मुळीच वाईट नाही. पण त्याला छपाई म्हणा. पैसे भरून ‘निवड झाली’ असं पत्र घेऊ नका.

कादंबरीचं सांगते. पणजोबांना काढलं, पानं दोनशे दहा झाली. एका पानाचं पत्र आणि तीन प्रकरणं पाच ठिकाणी पाठवली. दोघांचं उत्तर नाही, दोघांचा नकार. पाचव्यांनी सात महिन्यांनी पूर्ण हस्तलिखित मागवलं, आणि गेल्या महिन्यात करार झाला. पुस्तक पुढच्या वर्षी येईल म्हणतात. मानधनाचा हिशेब मघाशीच केला, तेव्हा पार्टी मागू नका.

त्याऐवजी एक करू या. पुण्या-मुंबईत लेखकाला चहाच्या टेबलावर संपादक भेटतो, आपल्याला भेटत नाही. पण आपल्याकडे हा कट्टा आहे. ज्याच्या कपाटात हस्तलिखित आहे त्याने महिन्याच्या पहिल्या रविवारी ते घेऊन यावं आणि दोन वाक्यांत सांगावं. तिघांनी ते वाचावं आणि खरं बोलावं, ‘छान आहे’ म्हणून सोडून देऊ नये. इथल्या गिरण्या गेल्या, वाडे पडले. ते पाहिलेली माणसं या सभागृहात आहेत आणि त्यांच्यासाठी कोणी एजंट येणार नाही.

पुढच्या रविवारी मी इथे असेन. तुम्ही सांगा, मी विचारीन, “मग?”