नवा पंप घेण्यापूर्वी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी काहीतरी गोड बोलावे अशी रीत आहे. पण यंदा आपल्या आळीत घरोघरी एकच विषय आहे, तो म्हणजे खालच्या अंगाचा पावसाचे पाणी उपसणारा पंप. तो थकला आहे. खड्डा भरतो आणि पंप नुसता घरघरतो. नवा आणायचा हे ठरले, आता बोलणे फक्त वर्गणीचे चालते. मला वाटते, वर्गणीआधी चार प्रश्न विचारले पाहिजेत.

पहिला प्रश्न, पंप केवढा हवा? हा हिशेब आपल्यालाही जमण्यासारखा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. गच्च्या, अंगणे आणि रस्ता मिळून हजार चौरस मीटर जागा धरा, आणि तासाला 50 मिलिमीटर पाऊस धरा. तासात 50 हजार लिटर पाणी झाले, म्हणजे दहा हजार लिटरचे पाच टँकर! मातीचे अंगण त्यातले पुष्कळ पिऊन टाकी; फरशी आणि सिमेंट पीत नाही. तेव्हा दुकानदार हॉर्सपॉवर सांगू लागला, की आपण विचारावे, "आमच्या खड्ड्यापासून नाल्यापर्यंतच्या उंचीला हा तासाला किती लिटर फेकील?"

दुसरा प्रश्न, उपसलेले पाणी जाणार कोठे? मुंबईची जुनी गटारे तासाला 25 मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्यात भरती असली की समुद्र गटारांच्या तोंडाच्या वर येतो, मग पाणी उतरणार कसे? म्हणून पुढे हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड, ब्रिटानिया आणि गझदरबंध येथे मोठाले पंप बसवले. भरतीला दरवाजे बंद करायचे आणि पाणी उचलून समुद्रात टाकायचे, अशी ती योजना आहे.

आपल्याकडे समुद्र नाही, ओढे आहेत. ओढ्याला उतार आहे, आणि उतार म्हणजे विजेवाचून चालणारा पंप. पण त्याच ओढ्यात राडारोडा आणि कचरा टाकला, तर उपसलेले पाणी फिरून आपल्याच दारी येणार. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्यात आंबिल ओढा कसा घरांत शिरला आणि किती जीव गेले, ते आपण विसरलेलो नाही.

तिसरा प्रश्न, वीज गेली तर? मुसळधार पाऊस आणि अंधार ही जोडीनेच येतात. अमेरिकेत न्यू ऑर्लीन्स नावाचे शहर आहे. त्याचा बराच भाग समुद्रसपाटीच्या खाली असल्याने सारा भरवसा पंपांवर. तेथले काही पंप शंभर वर्षांचे. ऑगस्ट 2017 मध्ये शहर बुडाले, तेव्हा कळले की अनेक पंप बंद होते, आणि त्यांना वीज पुरवणारी यंत्रेही जुनी होऊन बिघडलेली होती. तेव्हा पंपाबरोबर जनरेटरचा आणि एका राखीव लहान पंपाचा खर्च आजच धरावा. विजेची पेटी पाणी चढेल त्याच्यावर, उंच भिंतीला असावी.

चौथा प्रश्न मला सर्वांत मोठा वाटतो. पंपाकडे बघणार कोण? 26 मे 2025 रोजी मुंबईत पाऊस लवकर आला. हिंदमाता, गांधी मार्केट अशा सखल जागी पाणी उपसण्याचे काम ज्यांना दिले होते, त्यांची यंत्रे वेळेवर चालली नाहीत. महापालिकेने चौघांना दहा-दहा लाख रुपये दंड केला. दंड वसूल झाला, तरी ज्यांच्या घरात पाणी गेले त्यांचे धान्य थोडेच परत येते?

म्हणून माझी सूचना अशी. नव्या पंपाला तरंगत्या गोळ्याचे बटण घ्यावे, म्हणजे पाणी चढले की तो आपोआप सुरू होईल. तरीही पावसाळ्यात दर रविवारी दोन घरांनी मिळून जाळीवरचा कचरा काढावा आणि पंप पाच मिनिटे चालवून पाहावा. पाळीची वही मंडळाने ठेवावी. कचरा काढताना वीज बंद करावी. खड्ड्यात मात्र कोणीही उतरू नये, मुलांना तर जवळही जाऊ देऊ नये. आत विषारी वायू साठतो. उतरण्याचे काम माहीतगारांचे, तेही पुऱ्या साधनांनिशी.

वाघोली 2021 साली पुणे महानगरपालिकेत आली. तेव्हा ओढा मे महिना संपण्यापूर्वी साफ करावा असा अर्ज आपण सर्वांच्या सह्यांनी देऊ, आणि त्याची पोच घेऊ.

आणखी एक. उन्हाळ्यात आपण टँकरची वाट पाहतो, आणि पावसाळ्यात तेच पाणी पैसे मोजून बाहेर फेकतो. गच्चीचे पाणी गाळून जमिनीत मुरवले, तर पंपाचे ओझे तेवढे हलके होईल.

वर्गणी मी देणार आहे. आपणही द्यावी. पण पैशाबरोबर पाळीच्या वहीत नावही द्यावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.